दोन दिवसांचं टोरांटो

"फिरायला दोनच दिवस मिळतील टोरांटोत, नीट आखून द्या," म्हणत समोरच्या ब्लॉकमधल्या पाठकबाई कुमुदताईंकडे आल्या. त्यांना कुठेही जाताना आधी वही लागते. लेकीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. कुमुदताई गेल्याच वर्षी तिकडे मुलाकडे सहा महिने राहून आल्या होत्या, नातवाला सांभाळायला.

कुमुदताईंनी बिस्किटांच्या डब्यातून डायपरच्या खोक्याचा एक पुठ्ठा काढला. त्यावर सगळं लिहिलेलं होतं. सकाळी लवकर तो उंच टॉवर, म्हणजे रांग लागत नाही. वर काचेच्या जमिनीवर पाय ठेवताना आधी समोर बघायचं, मग खाली. तिथून बंदरावर, आणि बोटीने बेटावर. वारा फार असतो, स्वेटर हवाच. धपाटे सोबत न्यायचे आणि पाण्याकडे तोंड करून बाकावर बसून खायचे.

पाठकबाई भराभर उतरवून घेत होत्या. "किती बारीकसारीक लक्षात आहे हो तुमच्या! फोटो दाखवा ना."

"फोटो नाहीत," म्हणत कुमुदताईंनी पुठ्ठा परत डब्यात ठेवला.

"बरं, राहू दे. अजून काही लिहू?"

"एकच. लेक म्हणेल, आई, शेवटच्या शनिवारी निवांत जाऊ. अजिबात ऐकू नका. शेवटच्या शनिवारी दोघांनाही कामावर बोलावतात. बाळ आपल्यापाशी, आणि रविवारी आपलं विमान असतं."