घरचं लाकूड

"घरच्या लाकडाबिगर उचलायचं न्हाई," म्हणत गावातल्या जाणत्या ग्यानोबामामांनी हात आडवा केला आणि तिरडीकडे निघालेले चौघे जागीच थांबले.

गावाची रीत होती. सरणासाठी घरटी एक लाकूड यायचं, पण पहिलं लाकूड मेलेल्या माणसाच्याच घरचं. गावाची लाकडं ट्रॉलीत टाकून झाली होती. आणि हणमंतरावांच्या घरात लाकडाचा तुकडा म्हणून सापडत नव्हता.

सापडणार तरी कसा? हिमायतनगरकडच्या या रानात हणमंतरावांनी तीस वर्षं फॉरेस्ट गार्डची नोकरी केली आणि जंगलातली वाळकी काडीसुद्धा घरात येऊ दिली नाही. गावात गॅस सगळ्यात आधी त्यांच्याकडे आला. दारं लोखंडी, कॉट लोखंडी, खुर्च्या प्लास्टिकच्या. सुनेने घाबरत घाबरत लाटणं पुढे केलं, तर मामांनी असे डोळे वटारले की बिचारी लाटण्यासकट आत पळाली.

"जल्मभर लाकडापायी गावाशी वाकडं घेतलं," हणमंतरावांची बायको केवळाबाई रडू लागली, "आन् आता त्यांनाच घरचं लाकूड न्हाई. परक्यावानी जाळायचं का वो त्यांना?"

शेजारी पार्वतीबाई उभी होती. तिला वाईट वाटलं, आणि या माणसासाठी वाईट वाटावं याचा रागही आला. मोळ्या विकून पोट भरणारी बाई ती. अकरा वर्षांपूर्वी वादळात धावड्याचं एक झाड पडलं होतं. ती त्याच्या फांद्या तोडत असताना हणमंतराव समोर येऊन उभे राहिले.

"वाऱ्यानं पडलंय साहेब. म्या न्हाई पाडलं."

"पडलेलं झाड बी सरकारचंच असतंय. वाळलेलं हातानं मोडून ने. कुऱ्हाड लावायची न्हाई." आणि त्यांनी तिची कुऱ्हाड काढून घेतली.

कुऱ्हाड ऑफिसात जमा झाली की केस होते, हे सगळ्या गावाला ठाऊक. तेव्हापासून पार्वतीबाई कोर्टाच्या कागदाची वाट बघत होती. पोस्टमन गल्लीत शिरला की ती दार लोटून घ्यायची. कागद काही आला नाही. सरकारी काम, रखडलं असेल, असं ती धरून चालली. चारचौघांत बोलायची ही गोष्ट नव्हे, म्हणून ती कोणाशी बोलली नाही. हणमंतरावांना मनातल्या मनात शिव्या मात्र रोज घातल्या. आजचं लाकूडही तिने रीत म्हणून आणलं होतं, मायेने नाही.

उन्हं कलली. ट्रॅक्टरवाला दोनदा येऊन बघून गेला.

"बाई, आत कुठं कायतरी असंल की," शेवटी पार्वतीबाईलाच राहवेना.

केवळाबाईने डोळे पुसले. "कॉटखाली एक पोतं हाय. पर त्याला कुणाला हात लावू देत न्हवते. सरकारी हाय म्हणायचे."

"आता कोण रागावणार हाय?" म्हणत पार्वतीबाई आत गेली. पोतं चांगलंच जड होतं. तिने ते ओढत अंगणात आणलं, सुतळी सोडली आणि उपडं केलं.

आतून कुऱ्हाडी पडल्या. वीस-पंचवीस तरी असतील. पाती गंजलेली, दांडे शाबूत. प्रत्येक दांड्यावर निळ्या ऑइलपेंटने काहीतरी लिहिलेलं. आपली कुऱ्हाड पार्वतीबाईने लगेच ओळखली. दांड्याला गुंडाळलेली तांब्याची तार तिचीच होती. सुनेने वाकून अक्षरं वाचली, "पार्वतीबाई. पडलेला धावडा."

गर्दीतून एकेक जण पुढे येऊ लागला. ज्याने त्याने आपापली कुऱ्हाड ओळखली आणि एकमेकांकडे बघितलं. यातली एकही कुऱ्हाड ऑफिसात गेली नव्हती. म्हणूनच इतक्या वर्षांत गावातल्या एकाही घरी कोर्टाचा कागद आला नव्हता.

पार्वतीबाई आपल्या कुऱ्हाडीपाशी बसली. अकरा वर्षं घातलेल्या शिव्या आता परत कशा घ्यायच्या, तिला कळेना. ती हमसून हमसून रडली. मग पदराने तोंड पुसून उठली, पायरीच्या दगडावर आपटून कुऱ्हाडीचं पातं वेगळं केलं आणि दांडा ग्यानोबामामांच्या हातात दिला.

"अगं, हे तर तुझं हाय," मामा म्हणाले. "लाकूड घरचं लागतंय."

"अकरा वर्सं त्यांनी ह्या घरात सांभाळलंय," पार्वतीबाई म्हणाली. "घरचंच हाय हे. उचला आता."