पलंगाखालची गळती

काल प्लंबरने घर ऊबदार ठेवणाऱ्या, जमिनीखालच्या नळ्यांत पाणी भरून हीटिंगचा दाब वाढवला, तरी आज ग्वेनेथचं घर पुन्हा गारठलं. परत येऊन त्याने भिंतीवरचे रेडिएटर, नळ्यांचे सांधे तपासले; कुठेच थेंब सापडेना. शेवटी दिवाणखान्यात त्याने जमिनीला कान लावला. तिथे पलंगावर ग्वेनेथचा नवरा एम्रिस धापा टाकत पडला होता. "गळती पलंगाखालीच आहे, काकू. पलंग काढून जमीन फोडावी लागेल." "म्हणजे मीच आडवा आलो," एम्रिस पुटपुटला. ग्वेनेथ म्हणाली, "त्याला हलवलं की श्वास कोंडतो रे. मला पाणी भरायला शिकव." "रोज भराल, रोज गळेल. असं किती दिवस रेटणार?" "नर्सला विचार," एम्रिस डोळे मिटूनच म्हणाला, "फार दिवस नाहीत म्हणते." प्लंबर ग्वेनेथला बॉयलरपाशी घेऊन गेला. पाणी भरताना खालचा नळ किती सोडायचा, ते तो दाखवत राहिला. ग्वेनेथच्या भरल्या डोळ्यांना दाबमापकावरचे आकडे दिसतच नव्हते.