गाळलेलं नाव

सन १७६१. व्हर्जिनियाच्या खोऱ्यातल्या ओंडक्यांच्या घरात एल्स्पेथ आजी दर रविवारी आयर्लंडपासूनची वंशावळ म्हणे आणि नातवंडं तिच्यामागून म्हणत.

जहाजावर जन्मून बाप्तिस्म्याआधीच गेलेली, समुद्रात सोडलेली तिची लेक त्यात नव्हती. तिचं नाव आजीने कुणालाच सांगितलं नव्हतं. बाप्तिस्म्याविना लेक देवाघरी पोचली का, हाच तिला घोर होता. तिच्या जागी आजी नुसता श्वास घेई.

त्या रविवारी त्या श्वासात नातवंडं म्हणाली, "ग्रिझेल."

"कोणी शिकवलं गं हे?" आजीने धाकट्या मार्थाला विचारलं.

"घ्या! आजी विसरली!" मार्था हसली. "तुझ्याशेजारी तिपाईवर बसते ना, ती ओल्या केसांची मुलगीच सांगते की!"

आजी त्याच हिवाळ्यात गेली. मार्था पुढे ती तिपाई घेऊन कॅरोलायनात नांदायला गेली. तिची मुलं वंशावळ म्हणताना त्या नावापाशी आली, की आईकडे नाही, रिकाम्या तिपाईकडे बघत.