बासरीतला दोष

"सगळ्या चाव्या तपासा, काका. एकूणएक," ती म्हणाली आणि आपल्या पाश्चात्त्य बासरीची पेटी आणि वर्तमानपत्राची घडी तिने बासऱ्या दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याच्या टेबलावर, पेचकसांच्या गर्दीत ठेवली.

म्हाताऱ्याने दुकानाचं दार नुकतंच उघडलं होतं. चष्मा पुसून त्याने आधी पेपर वाचला. कालच्या तिच्या मैफलीवर अर्धं पान. लिहिणारा समीक्षक तोच, ज्याने वीस वर्षं तिच्या वाजवण्याला 'बिनचूक, पण थंड' म्हणून नाक मुरडलं. आज त्याला पाझर फुटला होता. नव्या धाटणीच्या एका अभिजात रचनेच्या शेवटी जो खालचा लांबलचक सूर आहे, तो म्हणे तिने मोडून दाखवला. सूर तुटतो, नुसती हवा उरते, पुन्हा धडपडत सूर येतो, आणि त्यात आपल्या काळाची धाप ऐकू येते. असं बरंच काही. ज्याला जन्मात धड शिट्टी मारता आली नसेल, त्याला कुणाची धाप ऐकू आली कोण जाणे.

"मग झालं की तुझ्या मनासारखं, फुंकणीबाई," तो म्हणाला. ती चौदा वर्षांची होती तेव्हापासून तो तिला याच नावाने चिडवायचा. आज ती हसली नाही.

"कागदावर तो सूर सरळ लिहिलाय, काका. एका दमात, अकरा सेकंद. तो तुटायला नको होता."

महिनाभरात हे तिसऱ्यांदा झालं, तिने सांगितलं. सकाळी ती रचना लिहिणाऱ्या संगीतकाराचा फोन आला होता. बिचारा चक्क रडला. आपण काय लिहून ठेवलंय हे काल कळलं म्हणाला. आता स्वरलिपीत तो हा सूर तसाच तुटका छापणार होता. आणखी चार शहरांत तिला हाच कार्यक्रम करायचा होता, असाच्या असा. तिने सगळ्यांचे आभार मानले होते. कुठलातरी पॅड गळत असणार, दुसरं काय, ती म्हणाली. मग तेच पुन्हा म्हणाली.

चांदीच्या त्या नळीवर प्रत्येक भोकाला एक झाकण, झाकणाच्या आत मऊ पॅड. केसाएवढी फट राहिली तरी हवा निसटते आणि खालचा सूर फाटतो. म्हाताऱ्याने पातळ कागदाची पट्टी काढली. पॅडखाली घालायची, झाकण दाबायचं, हलकेच ओढायची. पट्टी अडकली पाहिजे. पहिल्या चावीखाली अडकली. दुसऱ्या, तिसऱ्या. शेवटच्या चावीखालीही अडकली.

"अजून एकदा," ती म्हणाली.

त्याने अजून एकदा केलं. मग बासरी तिच्या हातात दिली आणि तो सूर वाजवायला सांगितलं. तिने ओठ लावले. खोलीत सूर उभा राहिला, भरीव आणि स्वच्छ. पण म्हातारा ऐकत नव्हता, तिच्या उजव्या हाताकडे बघत होता. करंगळीशेजारचं बोट चावीवर टेकलं होतं. बघता बघता ते आपलं आपण उचललं गेलं, केसाएवढंच. सूर फाटला. बोट पुन्हा टेकलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

त्याने हात पुढे केला. बासरी घेऊन पुसली आणि सवयीने स्वतःच्या ओठांना लावली. चाळीस वर्षं बासऱ्या दुरुस्त करून त्याला एकही गत येत नव्हती; तपासण्यापुरतं फुंकता यायचं, तेवढंच. त्याने तोच सूर फुंकला. ठोकळ्यासारखा, बेचव, पण अखंड. छातीतली हवा संपेपर्यंत तो कुठे कणभरही चिरला नाही.

मध्येच थांबायला हवं होतं, हे त्याला सूर संपल्यावर कळलं.

तिने उजवा हात कोटाच्या खिशात घातला.

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं. दुखतं का, विचारलं त्यांनी. दुखत नाही, काका. ऐकत नाही, एवढंच." मग ती म्हणाली, "वीस वर्षं नीट वाजवत होते, तेव्हा हा पेपरवाला काय कानात बोळे घालून बसायचा?"

लोकांना आवडलंय ना, मग झालं, असं काहीतरी तो पुटपुटला. बोलल्यावर त्यालाच स्वतःची लाज वाटली. हे बोट आज थोडं उचललं जातंय, उद्या जास्त उचललं जाईल, आणि मग कुठल्याही पेपराला त्यात कसलीच धाप ऐकू येणार नाही. हे दोघांनाही कळत होतं.

ती पेपरची घडी पुन्हा पुन्हा दाबून बारीक करत राहिली.

"त्या चावीत गळती करून द्या," ती म्हणाली.

"काय?"

"पॅड बसणार नाही असं करा. मग दोष बासरीत आहे."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं. उपदेश करावा असं त्याच्या मनात आलं, तो त्याने गिळला. मग सगळ्यात बारीक पेचकस उचलला. त्या चावीचा स्क्रू त्याने आजवर शेकडो वेळा आवळला होता. सैल किती करायचा, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"किती?" त्याने विचारलं.

"मला खरं वाटेल इतकी," ती म्हणाली.