थकलेलं सैन्य

"'थकलेलं सैन्य लढाईवर नेऊ नये.'" उपासनाने मोठ्याने वाचलं आणि पुस्तिका टेबलावर टाकली. "हे सांगायला प्राचीन चीनमधला युद्धपंडित कशाला हवा? माझी आजीपण सांगते, आधी जेव, मग भांड."

यतीन हसला. डायरेक्टर संजयने ट्रेनिंगमध्ये यतीनसकट सगळ्या टीम लीडना ती पुस्तिका वाटली होती. जुन्या चिनी युद्धग्रंथांचं सार. चढावर हल्ला करू नये, पाण्याचा अंदाज घेतल्याशिवाय नदीत उतरू नये. अमेरिकेतल्या हर्नडनच्या त्या ऑफिसात तिची यथेच्छ थट्टा चालली होती.

"पण तेव्हा सेनापती कोण व्हायचं?" उपासना म्हणाली. "राजाचा मेहुणा, नाहीतर पुतण्या. त्याला कोण सांगणार, बाबा रे, पोरं थकलीत? सांगणाऱ्याचं मुंडकं जायचं. म्हणून लिहून ठेवलं. शिपायाने नुसतं बोट दाखवायचं. मी नाही म्हणत, ग्रंथ म्हणतो."

शहाण्याला शब्दाचा मार पुरतो. राजाच्या मेहुण्याला ग्रंथ लागतो. यतीनला पटलं. पण तिचे लाल झालेले डोळे बघून त्याचं हसू मावळलं. सगळी टीम आठवडाभर धड झोपली नव्हती. आणि आज, शुक्रवारी संध्याकाळी, क्लायंटची नवी सिस्टिम चालू करायची होती. बिघडलंच तर बॅकअप चालेल का, हेही कुणी तपासलं नव्हतं. कळ दाबणार उपासना. फसलं तर नोकरी तिचीच जाणार, आणि व्हिसा त्या नोकरीवरच उभा.

"यतीन, सोमवारी करू म्हण ना संजयला," ती हळूच म्हणाली. "तुझं ऐकेल तो."

"सांगतो." तो मनापासून म्हणाला.

तेवढ्यात संजय कॉफीचा कप घेऊन आलाच. "काय मंडळी, आज गो-लाइव्ह. होऊन जाईल ना?"

यतीनच्या ग्रीन कार्डचे कागदही संजयच्याच सहीसाठी थांबले होते. पण खरं सांगायचं तर त्याला तेही आठवलं नाही. पहिल्या नोकरीपासून जिभेला एकच वळण पडलेलं: कुणी 'होईल ना?' विचारलं की आधी हो म्हणायचं, कसं ते मागाहून बघायचं.

"हो, होईल," तो म्हणाला.

उपासनाने मान खाली घातली. यतीनला स्वतःची शरम वाटली. आता शब्द मागे घ्यायची हिंमत नव्हती. त्याने पुस्तिका उघडून संजयपुढे सरकवली आणि त्या ओळीखाली बोट ठेवलं.

संजयने ओळ वाचली. पुन्हा वाचली. त्याचा चेहरा उजळला.

"वा! काय लाइन आहे यार! हिचा मोठा प्रिंट काढ. वॉर रूममध्ये लाव. टीमला जरा मोटिव्हेशन मिळेल."

आणि कॉफी पीत तो गेला.

यतीनने प्रिंट काढला. वॉर रूममध्ये, म्हणजे आज रात्री टीम जिथे बसणार होती त्या खोलीत, कागद भिंतीवर धरला. उपासनाने चिकटपट्टीचे तुकडे तोडून दिले, चारही कोपरे नीट दाबले, आणि त्या ओळीखालच्या खुर्चीत बसून लॅपटॉप उघडला.