करडा कसा वाजतो

“आधी पडदा बंद कर,” धाकटी म्हणाली.

“अगं, मग मला दिसणार काय?”

“तेच म्हणतेय. मला दिसतं तेवढंच तुलाही दिसू दे. मग ठरवू कुठला प्रोग्राम ठेवायचा ते.”

दादाने नाइलाजाने बटण दाबलं. दुकानात हट्टाने मागून घेतलेला हातभर रुंद पडदा काळाठिक्कर पडला. टेबलाखाली नव्या कॉम्प्युटरचा पंखा तेवढा घुमत राहिला.

धाकटी जन्मापासून आंधळी. बालवाडीच्या पोरांसाठी ती गोष्टी सांगून रेकॉर्ड करायची आणि दादा त्या कापून-जोडून द्यायचा. उद्या सकाळी दादा नोकरीसाठी दुसऱ्या गावी निघणार होता. तिला एकटीला जमलं तर ठीक, नाहीतर गोष्टी बंद. म्हणून त्याने आवाजावर काम करायचे फुकटातले प्रोग्राम धुंडाळले होते आणि त्यातले बरे वाटले ते निवडून ठेवले होते.

धाकटीने कळफलकावर बोटं ठेवली. पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज बोलू लागला. तोही फुकटच मिळालेला. सपाट, नाकातला, हजेरी घेतल्यासारखा. घरात त्याला सगळे मास्तर म्हणत.

पहिला प्रोग्राम दादाचा लाडका. कॉम्प्युटरमध्ये काही उतरवायला नको, इंटरनेटवरच उघडायचा.

“वाट पाहा,” मास्तर म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, “वाट पाहा.”

“नेट गेलं वाटतं. येईल एवढ्यात.”

“म्हणजे घर माझं आणि किल्ली शेजाऱ्याच्या खिशात? पुढचा दाखव.”

दुसरा दादाने कॉम्प्युटरमध्येच उतरवून घेतला होता. “हा बघ. रंग काय, चित्रं काय! दिसायला असा देखणा आहे ना—” त्याने जीभ चावली.

“देखणी मीही आहे, आत्या सांगते. कामाचा आहे का ते बोल.” धाकटी कळ दाबत पुढे गेली.

“बटण,” मास्तर म्हणाले. “बटण. बटण. बटण.”

“मास्तरांना चकवा लागला की काय?”

दादाने डोकं खाजवलं. “बटणांवर नुसती चित्रं आहेत. नावं द्यायची राहिलीत त्यांची. उतरवला खरा, पण आतून वेबसाइटच आहे, डब्यात भरलेली.” मग घाईघाईने म्हणाला, “पण शिकशील तू. चौथं बटण कापायचं, सातवं जोडायचं. जायच्या आधी पाठ करून घेतो तुझ्याकडून.”

“पाठच करायचं तर पाढे काय वाईट होते? आणखी काय आणलंयस?”

“एक आहे, पण राहू दे तो. तो आहे इथलाच, कॉम्प्युटरसाठीच बनवलेला, नेटबिट काही लागत नाही. पण बाबा आदमच्या जमान्यातला वाटतो. नुसता करडा.”

“करडा कसा वाजतो?”

दादाने अंदाजाने कळा दाबून तो उघडला.

“रेकॉर्ड,” मास्तर म्हणाले. “थांबा. कापा. जोडा. मागे फिरा.”

हजेरीतली सगळी पोरं हजर. धाकटी खुर्ची पुढे ओढून बसली. कालची गोष्ट तिने स्वतः शोधली, स्वतः लावली. खोलीत तिचाच आवाज घुमला. पोरगी दारापाशी आली, तिने कडीला हात लावला, आणि… मग काहीच नाही.

“इथे रिकामं आहे, काप,” दादा सवयीने बोलून गेला.

“रिकामं नाहीये ते. तिथे पोरं श्वास रोखतात.” तिने कळ दाबून गोष्ट थांबवली. “मागच्या गोष्टीत तू नेमकं तेवढंच कापलंस. त्यातही असंच अस्वल आलं आणि एकही पोर घाबरलं नाही. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, अस्वल कोथिंबीर मागायला आल्यासारखं आलं.”

दादाला हसू आलं आणि ते अर्ध्यातच विरलं. पडद्यावर तिचा आवाज डोंगरांसारखा दिसायचा आणि गप्प बसणं सपाट रेघेसारखं. रेघ दिसली की तो कापायचा. केर काढावा तसा, मन लावून.

“मग बोलली का नाहीस?”

“कशी बोलणार? ताटावरून उठून यायचास माझ्यासाठी.”

ती पुन्हा कामाला लागली. मास्तर एकेक नाव पुकारत होते, तिची बोटं ऐकत होती. मध्येच आलेलं खाकरणं तिने काढलं. खुर्चीची कुरकुर काढली. मग गोष्ट पुन्हा सुरुवातीपासून लावली. पोरगी दारापाशी आली, तिने कडीला हात लावला.

समोर बघायला काहीच नव्हतं. दादाने टेबलाची कड कधी घट्ट धरली, त्याचं त्यालाच कळलं नाही.

अस्वल आलं.

“घाबरलास!” धाकटी टाळी वाजवून ओरडली.

“छे!”

“थापा नको मारूस. दचकलास तू, टेबल हललं.” तिने कळ दाबली. ‘जतन झाले,’ मास्तरांनी वर्दी दिली. “हाच ठेव. बाकीचे काढून टाक. आणि एवढा पडदा उचल बाबा इथून. मला माईक ठेवायला जागा नाही.”

“लोक काय म्हणतील? बिनपडद्याचा कॉम्प्युटर!”

“लोक कॉम्प्युटर बघायला येणारेत की गोष्ट ऐकायला?”

दादाने मागच्या वायरी सोडवल्या. पडदा दोन्ही हातांनी उचलून तो खोलीबाहेर आला. आई त्याची बॅग भरत होती. तिच्या हातातला शर्ट तसाच राहिला.

“हे काय रे? नवाकोरा कॉम्प्युटर बिघडला की काय?”

“नाही गं आई,” पडदा पोटाशी सावरत दादा म्हणाला, “आत्ता कुठे चालू झालाय.”