चौथा कोपरा

"मोबाइलवर ह्यांची रामरक्षा ऐकते, पण घर भरत नाही रे," बाबा गेल्यापासून आईचं हेच चाललं होतं. म्हणून मी हॉलच्या चारही कोपऱ्यांत स्पीकर बसवायला घेतले.

तिन्हीसांजेला तीन जोडून झाल्यावर रेकॉर्डिंग लावून पाहिलं. आवाज तिन्हींतून एकदम यायला हवा होता. तो आधी दारापासून आला, मग खिडकीपाशी सरकला, मग टीव्हीमागे गेला. हातात उदबत्ती घेऊन बाबा असेच कोपरा न कोपरा फिरायचे.

मी घाबरून ॲम्प्लिफायरच बंद केला. रामरक्षा थांबली नाही. आता ती माझ्या पाठीमागून, देव्हाऱ्याच्या कोपऱ्यातून येत होती. तिथल्या स्पीकरची वायर अजून माझ्या हातातच होती.

"बाजूला हो की," आई सोफ्यावरून म्हणाली, "त्यांना देवापुढे उदबत्ती खोचायचीय."